दोन गुणांमधले पंचवीस सेकंद

३ जुलै १९९३. विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर महिला एकेरीचा अंतिम सामना निर्णायक तिसऱ्या सेटमध्ये पोहोचला होता. चेक प्रजासत्ताकाची याना नोवोत्ना अग्रमानांकित स्टेफी ग्राफविरुद्ध ४-१ अशी आघाडीवर होती. दुसरा सेट तर तिने ६-१ असा सहज खिशात घातला होता. सर्व्हिस तिचीच होती आणि गुणफलकावर ४०-३० हे आकडे होते. आणखी एक गुण मिळाला असता, तर आघाडी ५-१ झाली असती. पहिली सर्व्हिस चुकली आणि पाठोपाठ दुसरीही चुकली. त्या दुहेरी चुकीनंतर नोवोत्नाचा खेळ पाहता पाहता ढासळला. ग्राफने सलग पाच गेम जिंकून विजेतेपद राखले. पारितोषिक समारंभात डचेस ऑफ केंट यांच्या खांद्यावर मान टेकून हमसाहमशी रडणारी नोवोत्ना साऱ्या जगाने पाहिली.

अवघ्या काही मिनिटांत तिचे कौशल्य नाहीसे झाले होते का? अर्थातच नाही. हात तोच होता, रॅकेट तीच होती. बदलले होते ते मन.

हात का आखडतो?

दडपण येते तेव्हा श्वास उथळ होतो, खांदे ताठरतात आणि रॅकेटच्या मुठीवरची पकड नकळत घट्ट होते. त्याहूनही घातक गोष्ट मनात घडते. वर्षानुवर्षांच्या सरावाने जी क्रिया आपोआप होत असते, तिच्यावर खेळाडू जाणीवपूर्वक पहारा देऊ लागतो. जिना उतरताना प्रत्येक पावलाचा विचार करू लागले तर पाय अडखळावा, तसेच हे आहे. टेनिसमध्ये याचा पहिला फटका सर्व्हिसला बसतो. इतर फटके समोरून येणाऱ्या चेंडूला दिलेले उत्तर असतात. तिथे विचाराला सवड नसते. सर्व्हिस करताना मात्र चेंडू आपल्याच हातात असतो आणि शंकेला शिरकाव करायला पुरेसा वेळ मिळतो.

शिवाय या खेळात घड्याळ आपल्या मदतीला येत नाही. फुटबॉलमध्ये आघाडी घेतलेला संघ वेळ काढून सामना वाचवू शकतो. टेनिसमध्ये शेवटचा गुण जिंकल्याखेरीज सामना संपतच नाही.

खेळ थांबतो तेव्हा

सामन्याच्या एकूण वेळाचा मोठा भाग प्रत्यक्ष खेळण्यात जात नाही. तो जातो दोन गुणांच्या मधल्या अवकाशात. मोठ्या स्पर्धांत पुढची सर्व्हिस करण्यासाठी पंचवीस सेकंदांची मुदत असते. अमेरिकी क्रीडामानसशास्त्रज्ञ जिम लेर यांनी नेमके याच अवकाशाकडे लक्ष वेधले. अव्वल खेळाडू आणि इतर यांच्यातला फरक फटक्यांपेक्षा या मधल्या क्षणांत अधिक दिसतो, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यावरून त्यांनी चार पायऱ्यांचा क्रम सुचवला.

गुण गमावला तरी मान ताठ ठेवून वळावे आणि देहबोलीत पराभव उमटू देऊ नये, ही पहिली पायरी. दुसरी विश्रांतीची: दीर्घ श्वास सोडावा, खांदे सैल करावेत आणि नजर प्रेक्षकांवर भटकू न देता रॅकेटच्या तारांवर स्थिर ठेवावी. तिसऱ्या पायरीवर पुढच्या गुणाची आखणी करावी. चेंडू कुठे टाकायचा, हे आधीच ठरवावे. चौथी पायरी ठरावीक सवयीची. चेंडू नेहमीइतक्याच वेळा टप्पा मारून घ्यावा आणि मगच सर्व्हिस करावी. राफेल नदाल पाण्याच्या बाटल्या दर वेळी एकाच रेषेत मांडत असे, तेव्हा प्रेक्षकांना गंमत वाटे. पण अशा ठरलेल्या कृतीत मन गुंतून राहते आणि त्याला निकालाच्या चिंतेकडे धाव घ्यायला फुरसत उरत नाही.

गेलेला गुण मागे सोडताना

रॉजर फेडरर तरुणपणी संतापाच्या भरात रॅकेट आपटत असे. पुढे त्याच्या शांतपणाचे दाखले दिले जाऊ लागले. २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ महाविद्यालयाच्या पदवीदान समारंभात त्याने स्वतःचाच हिशेब मांडला. कारकिर्दीत एकेरीचे १,५२६ सामने खेळून त्यांपैकी सुमारे ८० टक्के त्याने जिंकले; पण जिंकलेले गुण मात्र अवघे ५४ टक्के! म्हणजे जवळपास प्रत्येक दुसरा गुण त्याने गमावला. ज्याला इतक्या वेळा हरायचेच आहे, त्याने प्रत्येक गुणाचा शोक करून कसे चालेल?

१९८० च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात ब्यॉन बोर्गने हेच करून दाखवले होते. चौथ्या सेटमध्ये विजेतेपदाच्या सात संधी हातातून निसटल्या आणि जॉन मॅकेन्रोने टायब्रेक १८-१६ असा जिंकला. दुसरा एखादा तिथेच कोसळला असता. पाचव्या सेटमध्ये आपल्या सर्व्हिसवरचे पहिले दोन गुणही बोर्गने गमावले. मग स्वतःच्या सर्व्हिसवर ओळीने एकोणीस गुण जिंकले आणि तो सेट ८-६ असा घेतला.

पाच वर्षांनंतर

नोवोत्नाचा मार्ग सोपा नव्हता. १९९५ च्या फ्रेंच स्पर्धेत चँडा रुबिनविरुद्ध तिसऱ्या सेटमध्ये ५-०, ४०-० अशा आघाडीवरून ती हरली. कच्च्या मनाची खेळाडू, हा शिक्का अधिकच गडद झाला. १९९७ मध्ये ती पुन्हा विम्बल्डनच्या अंतिम फेरीत पोहोचली. पहिला सेट जिंकूनही मार्टिना हिंगीसकडून तिला हार पत्करावी लागली. तरीही प्रशिक्षक हाना मांडलिकोवा यांच्या साथीने ती त्याच हिरवळीवर परत येत राहिली आणि सर्व्हिसमागोमाग नेटकडे धावण्याचा धाडसी खेळ तिने सोडला नाही.

१९९८ च्या उपांत्य फेरीत तिने हिंगीसलाच नमवले. अंतिम सामन्यात नताली तोझियाविरुद्ध दुसरा सेट टायब्रेकपर्यंत ताणला गेला. जुन्या आठवणींनी मन व्यापावे, अशीच ती वेळ होती. नोवोत्नाने तो टायब्रेक ७-२ असा जिंकला. ती तेव्हा २९ वर्षांची होती.

२०१७ मध्ये, अवघ्या ४९ व्या वर्षी, तिचे निधन झाले. तिची कहाणी टेनिसपटूंपुरतीच नाही. परीक्षा, मुलाखत, वर्षअखेरीची हिशेबपूर्ती, घरातले आजारपण – हात आखडण्याचे प्रसंग आपल्यापैकी कोणाला चुकले आहेत? अशा वेळी भीती वाटणारच. मात्र झालेली चूक आणि पुढचे काम यांच्यामध्ये एक दीर्घ श्वास घेण्याइतका अवकाश बहुधा असतो. तो कसा वापरायचा, हे शिकता येते. कधी त्याला पाच वर्षे लागतात. विजेतेपदाची तबकडी त्या दिवशी नोवोत्नाच्या हाती दिली, तीही डचेस ऑफ केंट यांनीच.