पुसलेली नोंद आणि साक्षांकन नमुना

भिलाईजवळ उतई येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. दलात निवड झालेल्या उमेदवारास साक्षांकन नमुना भरावा लागतो. त्यात अटक, खटला व शिक्षा यांविषयी प्रश्न असतात. पंधराव्या वर्षी बाल न्याय मंडळासमोर उभ्या राहिलेल्या तरुणाने तेथे काय लिहावे?

बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम २४ नुसार अशा बालकास दोषसिद्धीमुळे अपात्रता येत नाही. अपिलाची मुदत संपल्यावर नोंदीही नष्ट करावयाच्या असतात. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व बालक न्यायालयाने प्रौढाप्रमाणे खटला चालवून दोषी ठरविलेल्यास मात्र हे संरक्षण नाही. याच दलाने नाकारलेल्या एका उमेदवाराच्या बाजूने २०१९ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने, घटनेच्या वेळी तो अल्पवयीन होता, हे विचारात घेतले.

प्रौढाचे तसे नाही. निर्दोष मुक्तता म्हणजे नोंद पुसणे नव्हे. ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ (२०१६) या निकालानुसार मुक्ततेचीही खरी माहिती द्यावी लागते आणि ती दिली तरी नियुक्ती देण्यास शासन बांधील नसते. क्षुल्लक प्रकरण दडविले असल्यास ते दुर्लक्षिता येते. जे विचारलेच नाही, ते न सांगणे म्हणजे लपविणे नव्हे.

म्हणून प्रश्न शब्दशः वाचावा. अल्पवयातील प्रकरणाविषयी थेट विचारणा असल्यास मंडळाच्या आदेशाची प्रत जोडून उत्तर देणे अधिक सुरक्षित. अर्थात, पुसलेले पुन्हा उमेदवारानेच लिहावे, ही विसंगती उरतेच. अशी प्रकरणे वगळण्याची सूचना नमुन्यातच छापलेली असावयास हवी.