अल्सर किती दुखतो, यावर जाऊ नका

पोटात जळजळ होऊ लागली की बहुतेक जण ती किती होते यावरून आजार ठरवतात. सहन होत असेल तर पित्त, गडाबडा लोळायची वेळ आली तर अल्सर. हा हिशेब चुकीचा आहे. अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम, आणि ती किती खोल आहे हे दुखण्यावरून कळत नाही. दुखण्याच्या जोरापेक्षा त्याची वेळ अधिक काही सांगते. बेंबीच्या वर, छातीच्या हाडाखाली रिकाम्या पोटी दुखतं किंवा त्या दुखण्याने मध्यरात्रीनंतर जाग येते, दोन घास खाल्ले की बरं वाटतं आणि काही तासांनी पुन्हा सुरू होतं, असं आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर लहान आतड्यातल्या अल्सरची शंका घ्यावी. जठरातला अल्सर उलट जेवणानंतर दुखू शकतो. मग माणूस जेवणच टाळतो आणि वजन उतरतं. अर्थात हा फरक दरवेळी इतका स्पष्ट नसतो, म्हणून शंका खरी की खोटी हे शेवटी तपासणीच सांगते.

दुखण्यावर विसंबू नये याचं सर्वांत भक्कम कारण वेदनाशामक गोळ्या हे आहे. ते कळायला आधी अल्सर कशाने होतो हे पाहायला हवं. तिखट खाणं आणि ताण यांनी अल्सर होतो, हा समज फार जुना, पण चुकीचा. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू शोधला. 1984 मध्ये मार्शल यांनी त्या जिवाणूंचं द्रावण स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं, आणि 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तिखटाने जळजळ वाढते, पण जखमेमागे मुख्यतः हा जिवाणू असतो किंवा आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधं असतात. अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यं शरीरात तयार होण्याचं काम ही औषधं रोखतात. गुडघेदुखीसाठी रोज अशी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाला अल्सर झाला तरी पोट दुखेलच असं नाही. कधी कधी पहिली खूण थेट रक्तस्राव हीच असते. म्हणून पोटाची तक्रार सांगताना घरात कोणत्या गोळ्या चालू आहेत हेही डॉक्टरांना सांगायला हवं. मात्र हृदयासाठी दिलेली ॲस्पिरिन आपल्या मनाने बंद करू नये.

हा रक्तस्राव ओळखायला शौचाकडे पाहावं लागतं, आणि संकोचामुळे नेमकं तेच राहून जातं. जठरातलं रक्त आतड्यातून खाली येईपर्यंत काळं पडतं. डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं शौच हे त्याचं लक्षण. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळपट होतो, पण तो चिकटपणा आणि वास सहसा नसतो. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखे कण दिसले, घेरी आली, किंवा अचानक असह्य कळ येऊन पोट लाकडासारखं कडक झालं, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावं. थेंब थेंब रक्त जात असेल तर यातलं काहीच दिसत नाही. फक्त थकवा येतो, जिना चढताना दम लागतो, आणि तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघतं.

यावर कुणी म्हणेल, पित्ताच्या बहुतेक तक्रारी अल्सरच्या नसतात, मग लोकांना घाबरवायचं कशाला? मुद्दा रास्त आहे. भारतात हा जिवाणू असंख्य लोकांच्या पोटात असतो आणि त्यातल्या बहुतेकांना अल्सर कधीच होत नाही. प्रत्येकाला दुर्बिणीची तपासणी लागत नाही. पण उतारवयात नव्याने तक्रार सुरू झाली, वजन घटलं, घास अडकू लागला किंवा रक्त गेलं, तर ही तपासणी टाळू नये. दुसरा आक्षेप अधिक फसवा आहे: पित्ताची गोळी घेतली की बरं वाटतं ना? वाटतं, कारण ॲसिड कमी झालं की जखमही भरू लागते. जिवाणू मात्र तिथेच राहतो आणि अल्सर पुन्हा होऊ शकतो. जठराच्या कर्करोगाची सुरुवातीची लक्षणंही अशा गोळ्यांनी काही काळ दबू शकतात. शिवाय गोळी चालू असताना जिवाणूसाठी श्वासाची किंवा शौचाची चाचणी केली तर तो असूनही कधी कधी सापडत नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून ती गोळी चाचणीच्या साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते. जिवाणू सापडला तर प्रतिजैविकांचा उपचार बहुधा 14 दिवसांचा असतो. चौथ्या-पाचव्या दिवशी बरं वाटलं म्हणून अनेक जण तो अर्ध्यावर सोडतात. तो पुरा करावा, आणि जिवाणू गेला की नाही याची चाचणी उपचार संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा करून घ्यावी.