संगीतविषयक नियतकालिक-सूची : तुलना आणि उपयोजन

मराठी रंगभूमी, कीर्तन, लावणी, पोवाडा किंवा अभंगगायन यांचा अभ्यास करणाऱ्याला वाङ्मयाइतकाच संगीताचाही विचार करावा लागतो. मराठी विभागातील अभ्यासक वाङ्मयीन संदर्भसाधनांशी परिचित असतो. संगीतविषयक सूचींशी त्याचा परिचय बहुधा अल्प असतो. परिणामी एखाद्या ऑनलाइन सूचीत दोन-चार शब्द घालून पाहावेत, नोंदी हाती लागू नयेत आणि 'या विषयावर पूर्वी संशोधन झालेले नाही' असे विधान प्रबंधाच्या प्रास्ताविकात यावे, असा धोका संभवतो. हे विधान विषयासंबंधी नसून वापरलेल्या सूचीसंबंधी आहे, हे लक्षात येण्यासाठी त्या सूचींचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

या क्षेत्रात चार साधने प्रमुख होत. पहिले, 'म्युझिक इंडेक्स'. ही सूची १९४९ मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे मुद्रित स्वरूपात सुरू झाली. दुसरे, 'रिल्म' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा सारसंग्रह. बॅरी ब्रुक यांच्या पुढाकाराने १९६६ मध्ये त्याची स्थापना झाली आणि १९६७ पासूनचे संगीतविषयक लेखन ही त्याची मुख्य व्याप्ती ठरली. तिसरे, 'रिप्म'. १९८० मध्ये एच. रॉबर्ट कोहेन यांनी उभारलेला हा प्रकल्प अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९६६ पर्यंतच्या जुन्या संगीत-नियतकालिकांसाठी आहे. चौथे, चॅडविक-हीली या प्रकाशनसंस्थेने १९९६ मध्ये आणलेली आंतरराष्ट्रीय संगीत-नियतकालिक सूची. ती पुढे प्रोक्वेस्टकडे गेली आणि 'म्युझिक पीरियॉडिकल्स डेटाबेस' या नावाने ओळखली जाऊ लागली.

या साधनांची तुलना चार निकषांवर करता येते.

पहिला निकष लेखनप्रकाराचा. 'म्युझिक इंडेक्स' ही मूलतः नियतकालिकांची सूची आहे. लेख, मृत्युलेख, ग्रंथपरीक्षणे, ध्वनिमुद्रिका व मैफलींची परीक्षणे असे नियतकालिकांत येणारे लेखन तीत नोंदविले जाते. 'रिल्म'ची कक्षा याहून विस्तृत आहे : लेखांबरोबर ग्रंथ, प्रबंध, परिषदवृत्ते आणि गौरवग्रंथांतील लेखही तिच्यात येतात. अशोक दा. रानडे यांचा महाराष्ट्रातील नाट्यसंगीतावरील इंग्रजी ग्रंथ १९८६ मध्ये संगीत नाटक अकादमीने प्रकाशित केला. अशा ग्रंथाचा शोध 'रिल्म'मध्ये थेट घेता येतो. केवळ नियतकालिकांच्या सूचीत मात्र तो त्याच्या परीक्षणांच्या वाटेनेच घ्यावा लागतो.

दुसरा निकष नोंदीच्या स्वरूपाचा. 'रिल्म'मध्ये मूळ भाषेतील शीर्षक, त्याचा इंग्रजी अनुवाद आणि बहुधा गोषवाराही असतो; त्यामुळे न कळणाऱ्या भाषेतील लेखाचे सूत्रही ध्यानी येते. 'म्युझिक इंडेक्स'चे बळ विषयशीर्षकांत आहे. तेथे गोषवाऱ्याची अपेक्षा न ठेवता योग्य शीर्षक शोधून त्याखालील नोंदी क्रमाने पाहाव्या लागतात. 'जेस्टोर'सारखा संग्रह या दोहोंहून भिन्न होय. तो लेखांचा संपूर्ण मजकूर शोधतो, त्यामुळे तळटीपेतील ओझरता उल्लेखही सापडतो. परंतु विषयवार वर्गीकरणाच्या अभावी नोंदींची गर्दी होते. शिवाय अनेक नियतकालिकांचे अलीकडील काही वर्षांचे अंक त्यात नसतात. सूची आणि संग्रह हे परस्परांना पर्याय नव्हेत.

तिसरा निकष कालमर्यादेचा. मराठी अभ्यासकाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. नाट्यसंगीताचे उदाहरण घ्यावे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० मध्ये रंगभूमीवर आले; गंधर्व नाटक मंडळी १९१३ मध्ये स्थापन झाली; बालगंधर्वांचे निधन १९६७ मध्ये झाले. म्हणजे 'रिल्म'ची मुख्य व्याप्ती जेथे सुरू होते, तेथे बालगंधर्वांचे आयुष्य संपते. १९६७ पूर्वीची काही परिषदवृत्ते व गौरवग्रंथ 'रिल्म'ने मागाहून समाविष्ट केले असले, तरी बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळातील मराठी नाट्यपरीक्षणे त्यांत असण्याचे कारण नाही. 'म्युझिक इंडेक्स'चा आरंभ १९४९चा. कालदृष्ट्या 'रिप्म' उपयुक्त वाटते, परंतु तिचा भर युरोप-अमेरिकेतील संगीत-नियतकालिकांवर आहे. नाट्यसंगीताच्या बहराचा काळ अशा रीतीने या सूचींच्या मधल्या पोकळीत राहतो. त्या काळासाठी 'केसरी', 'विविधज्ञानविस्तार', 'मनोरंजन' यांच्या जुन्या अंकांकडेच वळावे लागते.

चौथा निकष भाषा व लिप्यंतर यांचा. या सूचींत मराठी संज्ञा बहुधा रोमन लिपीत शोधाव्या लागतात आणि एकाच शब्दाची अनेक रूपे आढळतात. शास्त्रीय लिप्यंतरात 'कीर्तन' व 'नाट्यसंगीत' यांच्या अंती 'अ' हा स्वर लिहिला जातो, तर प्रचलित लेखनात तो गळतो. 'पोवाडा'मधील 'व' दोन वेगळ्या रोमन अक्षरांनी लिहिला जातो. 'लावणी'तील मधला स्वर कोठे असतो, कोठे नसतो. 'बालगंधर्व' एका शब्दात येते, तसेच दोन शब्दांतही. यावर उपाय दोन. एक, शब्दाची सर्व संभाव्य रूपे आधी कागदावर मांडून प्रत्येकाचा शोध घेणे, किंवा शब्दाचा आरंभीचा भाग देऊन पुढे तारकाचिन्ह योजणे. दोन, 'महाराष्ट्र', 'भारत – नाट्यसंगीत' अशा अर्थाच्या व्यापक इंग्रजी विषयशीर्षकांखालील नोंदी पाहणे. एक नेमकी नोंद सापडली की तिला दिलेली विषयशीर्षके टिपून घ्यावीत; पुढील शोधाला तीच वाट दाखवितात.

या निकषांवरून शोधाचा क्रम सुचतो. आरंभ 'रिल्म'पासून करावा, कारण तेथे ग्रंथ व प्रबंधही भेटतात. नंतर परीक्षणे व मृत्युलेख यांसाठी 'म्युझिक इंडेक्स', पाठोपाठ 'म्युझिक पीरियॉडिकल्स डेटाबेस' आणि शेवटी संपूर्ण मजकुराचा संग्रह पाहावा. याखेरीज भारतीय नियतकालिके स्वतंत्रपणे चाळणे अपरिहार्य आहे. मद्रास म्युझिक अकादमीचे नियतकालिक, संगीत नाटक अकादमीचे 'संगीत नाटक', बा. र. देवधर यांनी संपादिलेले 'संगीत कला विहार' यांच्या वार्षिक अनुक्रमणिका हाताने तपासाव्यात. शं. ग. दाते यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा १८०० ते १९३७ या काळाचा खंड १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. जुन्या संगीतविषयक ग्रंथांसाठी तो आजही आधारभूत आहे. मात्र ती ग्रंथांची सूची आहे, लेखांची नव्हे, ही मर्यादा विसरता कामा नये.

सारांश, कोणतीही सूची विषयाचा पूर्ण नकाशा नसते. ती कोणीतरी, विशिष्ट काळी, विशिष्ट नियतकालिके निवडून केलेली नोंद असते. म्हणून प्रबंधात 'पूर्वसंशोधन आढळले नाही' असे लिहिताना कोणत्या सूचीत, कोणत्या शब्दरूपांनी, कोणत्या कालखंडासाठी आणि कोणत्या दिनांकास शोध घेतला, हे नमूद करणे आवश्यक आहे. एवढी नोंद असेल तर पुढील अभ्यासक नेमक्या राहिलेल्या जागी शोध घेऊ शकेल. नसेल, तर एका सूचीचे मौन हेच परंपरेचे मौन मानले जाईल. मराठी संगीतपरंपरेविषयी विपुल लेखन झाले आहे. त्याची लेखवार नोंद आंतरराष्ट्रीय सूचींत नसेल, तर ती सिद्ध करण्याची जबाबदारी मराठीच्या अभ्यासकांवरच येते.