टेपरेकॉर्डरमध्ये अडकलेला अखेरचा धडा

२९ जून १९९२. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, रिचमंड शहराजवळ एक चिमुकलं हेलिकॉप्टर उडत होतं. आत माणसं दोनच. एक शिकवणारा, दुसरा शिकणारा. शिकणाऱ्याने सोबत एक छोटा टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता. टेपवर प्रशिक्षकाचा आवाज येतो, नेहमीसारखा शांत. घाई नाही, घबराट नाही. आणि बोलता बोलता तो मध्येच तुटतो!

हेलिकॉप्टरच्या फिरत्या पात्याने हेलिकॉप्टरवरच घाव घातला होता. हवेतच त्याचे तुकडे झाले. दोघंही वाचले नाहीत.

हे हेलिकॉप्टर होतं रॉबिन्सन आर-२२. फ्रँक रॉबिन्सन या इंजिनियरने १९७३ साली कंपनी काढली आणि १९७९ मध्ये या दोन आसनी हेलिकॉप्टरला उड्डाणाचा परवाना मिळाला. हौशी माणसाला स्वतःचं वाहन म्हणून वापरता यावं, ही त्यांची कल्पना. पण किंमत कमी, खर्च कमी. त्यामुळे ते शिकवणीच्या वर्गांतच जास्त रमलं. म्हणजे हाताच्या किंचित हालचालीलाही चटकन दाद देणारं हे यंत्र नेमकं नवशिक्यांच्या हाती पडलं.

आता पात्याने स्वतःच्याच यंत्रावर घाव घालावा, हे कसं? आर-२२ला वर दोनच पाती. बागेतल्या सी-सॉच्या फळीसारखी ती मधल्या दांड्यावर वरखाली झुलतात आणि हेलिकॉप्टर त्यांना पाळण्यासारखं लटकलेलं असतं. पाळण्याचा भार दोरीवर आहे तोवर सगळं ठीक. पण वैमानिकाने हातातली दांडी झटकन पुढे ढकलली, तर क्षणभर भारच नाहीसा होतो. रस्त्यावरच्या उंचवट्यावरून गाडी भरधाव गेली की पोटात खड्डा पडतो ना, तसंच! पात्यांवर भार नाही, पण शेपटीवरचा पंखा मात्र जोर लावतच असतो. हेलिकॉप्टर उजवीकडे कलू लागतं.

अशा वेळी नवशिका काय करेल? दांडी डावीकडे दाबेल. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं. पण नेमकं तेच जिवावर बेततं. पाती डावीकडे झुकतात, हेलिकॉप्टर मात्र त्यांच्यामागे वळत नाही. पाती मधल्या दांड्यावर आदळतात किंवा थेट केबिनवर येतात. खरा उपाय उलटा आहे. आधी दांडी हळुवारपणे मागे घ्यायची, पात्यांवर पुन्हा भार येऊ द्यायचा आणि मगच कल सावरायचा. हे सुचायला वेळ किती? एक-दोन सेकंद!

रिचमंडच्या त्या उड्डाणात नेमकं हेच घडलं का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाला पात्यांची दिशा बिघडल्याचं कळलं. ती का बिघडली, ते अखेरपर्यंत ठरवता आलं नाही. मात्र या टेपमुळे अशाच जुन्या अपघातांचाही नव्याने अभ्यास झाला. १९९६च्या अहवालात मंडळाने म्हटलं की, असे बहुतेक अपघात चटकन दाद देणाऱ्या या हेलिकॉप्टरला अचानक, मोठे झटके दिल्याने होत असावेत.

त्याआधीच, मार्च १९९५ पासून अमेरिकेत खास नियम लागू झाला होता. प्रशिक्षकासोबत किमान २० तास उडल्याशिवाय विद्यार्थ्याने आर-२२ एकट्याने उडवायचं नाही. पात्यांचा वेग का घसरतो, भार नाहीसा झाला की काय होतं, हे त्याला आधी समजावून सांगायचं. आर-२२ शिकवणाऱ्यांसाठीही वेगळी अट आली. भारहीन अवस्थेचा धडा मात्र जमिनीवरच द्यायचा. आकाशात करून दाखवायचा नाही. या बदलांनंतर अशा अपघातांना मोठा आळा बसला.

मुलाला स्कूटर शिकवताना आपण मागे धावतो. तोल गेलाच तर गुडघा फुटतो, हळद लावली की झालं. आकाशात मागे धावायला कुणी नसतं. तिथे चूक होण्याआधीच ती शिकवून ठेवावी लागते.

रिचमंडच्या त्या विद्यार्थ्याचा धडा अर्धाच राहिला. पुढे आलेल्यांनी मात्र तो पुरा केला.