आमच्या घरची रोडकिंग

जुन्या मोटारसायकलींच्या गप्पा निघाल्या की बुलेट आणि आरडी ३५० चं नाव आधी येतं. आमच्या येझदी रोडकिंगची आठवण फार उशिरा होते. २५० सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. १९९६ मध्ये तो कारखाना बंद पडला. गाडी मात्र बाबांच्या माघारीही चालू आहे.

देखभाल अवघड नाही, पण टाळाटाळ चालत नाही. मी लिटरला ४० मिली टू-टी ऑइल घालतो, पॉइंट साफ करतो आणि दोन्ही सायलेन्सरच्या जाळ्यांतली काजळी वेळेवर काढतो.

“घाट उतरताना अ‍ॅक्सिलेटर पार बंद ठेवू नकोस,” असं बाबा सांगायचे. मी ते मनावर घेतलं नाही. एकदा चोर्ला घाट उतरताना इंजिन जाम झालं, मागचं चाक घसटत गेलं. मुलगा मागे बसलेला. क्लच दाबला म्हणून वाचलो. या गाडीत ऑइल पेट्रोलबरोबरच इंजिनात जातं. पेट्रोल तोडलं की ऑइलही तुटतं.

मिस्त्रींनी सिलिंडर बोअर करून नवा पिस्टन बसवला. “ईग छलो ऐती री, सर,” म्हणाले. वर बाबांचंच वाक्य ऐकवलं.

यंदा मुलाला लायसन्स मिळालं. पहिला धडा मी तोच दिला. “गोत्तैती, बाबा,” तो आईच्या कन्नडमध्ये म्हणतो. तरी उतार आला की मागे बसून माझं लक्ष त्याच्या उजव्या मुठीकडेच असतं.