शेततळ्याचे गढूळ पाणी
पावसाळा सरून आभाळ निरभ्र झाले, ओढ्यानाल्यांचे पाणी निवळले, तरीही अस्तर न घातलेल्या ज्या शेततळ्याचे पाणी दिवाळीपर्यंत चहाच्या रंगाचेच राहते, त्याच्या मालकाने तुरटी आणावयास बाजार गाठण्यापूर्वी काचेची एक स्वच्छ बरणी त्या पाण्याने भरून, कोणाचा धक्का लागणार नाही अशा फडताळात ठेवून द्यावी. आठवडाभरात बुडाशी गाळ बसून वरचे पाणी नितळ झाले, तर तळ्यातील माती कोणीतरी सतत ढवळीत आहे असे खुशाल समजावे. उघडा काठ धुपत असेल, गुरे पाण्यात उतरत असतील, किंवा तळ उकरून खाद्य शोधणारा सायप्रिनस मासा संख्येने फार झाला असेल. अशा तळ्यावर औषधाचा खर्च निव्वळ अपव्यय होय.

बरणीतले पाणी जसेच्या तसे गढूळ राहिले, तर मात्र प्रकरण निराळे. दख्खनच्या काळ्या जमिनीतील चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात, की २ मायक्रॉन व्यासाचा कण स्थिर पाण्यात दिवसभरात जेमतेम ३० सेंटीमीटर खाली जातो, आणि त्याच्या दशांश आकाराचा कण तेवढ्याच अवधीत अवघा ३ मिलिमीटर. शिवाय पृष्ठभागावरील ऋण विद्युत्भारामुळे हे कण परस्परांना दूर लोटतात, आणि तो भार शमविणारे द्रव्य पाण्यात मिसळल्यावाचून त्यांचे पुंजके बनत नाहीत. आपले पूर्वज घागरीच्या आतल्या अंगाला निवळीची बी उगाळीत, ती पाणी निवळावे म्हणूनच. सुश्रुतसंहितेत ‘कतक’ या नावाने तिचा निर्देश आहे.

तळ्याचा हिशेब अर्थातच घागरीहून मोठा. ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३ मीटर खोल आणि उतरत्या बाजूंच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते, व हजार लिटरला २० ग्रॅम या मानाने त्यास ४४ किलो तुरटी लागते. तिचा गुण लवकर येतो. परंतु ती पाण्यातील क्षारता खाऊन टाकते, आणि मुळातच क्षारता कमी असेल तर सामू एकाएकी घसरून रोहू-कटल्याच्या जिवावर बेतते. सबब मासे सोडलेल्या तळ्यात जिप्समच मला श्रेयस्कर वाटते. ते दहापट, म्हणजे चार-साडेचार क्विंटल लागते व सावकाश काम करते, पण सामूला फारसा धक्का लावीत नाही. दोहोंपैकी काहीही वापरावयाचे झाल्यास आधी चार बादल्यांत कमी-अधिक मात्रा घालून पाहावी, आणि जी सर्वांत थोडी मात्रा पुरेशी ठरेल तीच वारा पडलेल्या वेळी सर्व तळ्यावर सारखी पसरावी. पाणी अगदी आरशासारखे करण्याचा हव्यासही नको; ऊन तळापर्यंत पोहोचले की पाणवनस्पती माजतात. माशांच्या तळ्यात ३० ते ४० सेंटीमीटरपर्यंत दिसले म्हणजे पुष्कळ झाले.

एवढे करूनही शेताचे पाणी ज्या वाटेने आत येते तेथे गाळ अडविणारा खड्डा नसेल आणि काठ बोडका असेल, तर पुढच्या मृगात सारे पूर्ववत होईल. म्हणून जिप्समची खरेदी करण्याआधी काठावर गवताची तजवीज करावी, आणि हरळी पिकात शिरण्याची धास्ती असेल त्याने वाळ्याचे ठोंब लावावेत, अशी तळेमालकांस माझी आग्रहाची विनंती आहे.