विश्लेषण : लॅपटॉपची ‘डिस्क इमेज’ घेण्यासाठी सॉफ्टवेअर कसे निवडावे?

‘विंडोज १०’ला मायक्रोसॉफ्टचे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर ‘विंडोज ११’ घालावे का, त्यासोबत हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी का, असे प्रश्न अनेकांपुढे आहेत. हे काम अर्ध्यावर फसले तर आधीची अवस्था जशीच्या तशी परत मिळवण्यासाठी ‘डिस्क इमेज’ लागते.

इमेज आणि साधा बॅकअप यांत फरक काय?

फोटो, फायली पेनड्राइव्हवर घेतल्या की त्या वाचतात. पण हिशेबाचे सॉफ्टवेअर, त्याचा परवाना, प्रिंटरची जुळणी हे सारे पुन्हा उभारावे लागते. इमेजमध्ये विंडोजसह संपूर्ण डिस्क टिपली जाते.

विंडोजमधली सोय पुरेशी नाही?

ती अजून कंट्रोल पॅनेलमध्ये सापडते. मात्र मायक्रोसॉफ्टनेच २०१७ मध्ये तिचा विकास थांबवून इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला दिला. तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

मोफत पर्याय कोणते?

‘मॅक्रियम रिफ्लेक्ट’च्या मोफत आवृत्तीचे नाव आजही सुचवले जाते, पण तिचे पाठबळ १ जानेवारी २०२४ रोजी संपले. ‘व्हीम एजंट’ची मोफत आवृत्ती विंडोज चालू असतानाच इमेज घेते, नंतर फक्त झालेले बदल टिपते आणि इमेजमधून एखादीच फाइलही काढून देते. घरच्या वापराला ती सोयीची.

तैवानमध्ये विकसित झालेले ‘क्लोनझिला’ मुक्त स्रोत आहे. ते पेनड्राइव्हवरून सुरू करावे लागते. त्याचा निळा-करडा पडदा नवख्याला धडकी भरवतो. तेच काम ‘रेस्क्यूझिला’ माऊसने करू देते. क्लोनझिलाची खरी मेख वेगळी आहे. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी असावी, ही त्याची नेहमीची अट. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर जेमतेम १०० जीबी मजकूर असला, तरी तिची इमेज ५०० जीबीच्या एसएसडीवर सरळ उतरत नाही. आधी पार्टिशन लहान करावे लागते. एसएसडी बसवणाऱ्या बहुतेकांची गाडी नेमकी इथेच अडते.

बिटलॉकर असेल तर?

डिस्क कूटबद्ध असेल तर बाहेरून सुरू होणाऱ्या साधनाला आतले काही वाचता येत नाही. मग रिकाम्या जागेसकट सगळी डिस्क उतरवली जाते आणि इमेज अवाढव्य होते. विंडोजमधून चालणाऱ्या साधनाला ही अडचण येत नाही. मात्र ती इमेज कूटबद्ध नसते, म्हणून तिला वेगळा पासवर्ड द्यावा. बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी.

निवड पक्की कधी करावी?

सॉफ्टवेअरने तयार केलेल्या रेस्क्यू पेनड्राइव्हवरून लॅपटॉप एकदा सुरू करून पाहावा. तिथे लॅपटॉपची डिस्क आणि इमेज ठेवलेली बाहेरची डिस्क, दोन्ही दिसायला हव्यात. दिसत नसतील तर ‘बॅकअप यशस्वी’ या संदेशाला अर्थ नाही. दुसरे सॉफ्टवेअर शोधावे. दिसत असतील, तर इमेज तपासण्याचा पर्याय चालवून बाहेरची डिस्क काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस लॅपटॉपसोबत तिलाही कुलूप लावू शकतो.